निळ्या टोपीवाल्याचा मासा

लाडकुंवर जैन स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला निघाली. तिच्या चपलांचा आवाज जिना उतरून खाली दुकानात विरला, तशी बुधीबाईनं आतून कडी घातली आणि रिमोट तोंडाजवळ धरून म्हणाली, "मछली पकडना."

टीव्हीवर तळं आलं. रोजचाच तो निळ्या टोपीचा गोरा गळ टाकून होडीत बसला होता.

समोर पलंगावर लाडकुंवरचे सासरे, सोहनलाल शेठजी. एकेकाळी पारोळ्याच्या बाजारात यांच्या शब्दावर तुरीचा भाव ठरायचा. आता उजवं अंग लुळं पडलेलं, जीभ जड झालेली. घर असं, की कांदा-लसूणसुद्धा उंबरा ओलांडत नाही. आणि त्याच घरात, त्याच शेठजींच्या डोळ्यांसमोर, गेले पंधरा दिवस रोज सकाळी मासेमारी चालली होती.

बुधीबाईनं बारा वर्षं डूख धरला होता. तेव्हा ती याच घरात झाडलोटीला होती. डब्यात सुकटीची चटणी निघाली म्हणून शेठजींनी डबा गटारीत ओतला आणि वरपासून खालपर्यंत सगळा जिना तिच्याकडूनच धुऊन घेतला. सातवा महिना चालू होता तिला, पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता, आणि बाजारातली चार माणसं उभी राहून बघत होती. आता शेठजींचं करायला बाई हवी म्हणून तिलाच बोलावणं आलं, तर लाडकुंवर विचारते, "आधी कुठं कामाला होतीस गं?" म्हणजे आठवणसुद्धा नाही. हे तिला डब्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून हे मासे. पहिल्या दिवशी शेठजींनी मान भिंतीकडे फिरवली, तर तिनं पलंगच फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी बुधीबाईला भाकर गोड लागली, खोटं कशाला सांगा.

पण आज काहीतरी निराळंच झालं. दोरी ताणली गेली, मासा पाण्याबाहेर आला, आणि शेठजींनी डावा हात उचलून तीन बोटं दाखवली. गोऱ्यानं मासा वजनकाट्याला लावला. तीन किलो दोनशे. शेठजींच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. जन्मभर पोती नजरेनं तोललेला माणूस तो, माशाचा अंदाज काय चुकणार.

मग गोऱ्यानं गळ काढला आणि मासा अलगद पाण्यात सोडला. शेपटी हलवून तो खोल निघून गेला. शेठजींनी हात छातीवर ठेवला.

"छो... छोड दिया," ते म्हणाले. पंधरा दिवसांतलं त्यांचं पहिलं धड वाक्य.

बुधीबाई जागच्या जागी थिजली. गोरा मासा धरून परत सोडतो, हे तिनंही रोज पाहिलं होतं. पण घरून पोटभर खाऊन आला असेल मेला, असं म्हणून तिनं त्याला वेड्यात काढलं होतं. तिचा नवरा मंगा बोरीच्या धरणावर दिवस दिवस पाण्यात उभा राहतो. हातात आलेला मासा सोडायचा असतो, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा नाही. शेठजींचं घर निराळं. दर पर्युषणात खाटकाकडून बकरे सोडवून पांजरपोळात पोचवायची यांची रीत. त्यांना गळ दिसतच नव्हता, सुटलेला जीव दिसत होता. करायला गेली काय नि वर झाले पाय. छळायला बसली आणि पंधरा दिवस म्हाताऱ्याला घरबसल्या पुण्य दाखवत राहिली. तिचं अंग रागानं नुसतं पेटलं.

होडीत दुसरा मासा आला, पहिल्याहून मोठा. शेठजींनी पाची बोटं पसरली आणि पोराच्या उत्सुकतेनं टीव्हीकडे बघू लागले. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. गोऱ्यानं तो दोन्ही हातांनी उंच धरला.

बुधीबाईनं बटण दाबलं. चित्र थांबलं. मासा हवेतच राहिला, ओठात गळ, तोंड उघडं.

शेठजी बघत राहिले. मग तिच्याकडे बघितलं. मग परत माशाकडे.

"छोड," ते म्हणाले. "छो... ड."

"आते नही सुटत तो," बुधीबाई खुर्ची ओढून अगदी त्यांच्यासमोर बसली. "मी कोन शे, याद शे का तुम्हले?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मना डबा तुम्ही गटारमा वती दिन्हा. बठ्ठा जिना मनाकडूनच धोई लिन्हा. आते शे का याद?"

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याची नजर कडी घातलेल्या दाराकडे गेली आणि तिथून हळूहळू खाली उतरली, पायरी पायरीनं उतरावी तशी. डावा हात छातीसमोर आला आणि तळवा उभा राहिला. उजव्या हातासाठी त्यांनी खांदा उचलून पाहिला, दात आवळून पाहिले. तो हात चादरीवर होता तिथंच पडून राहिला.

बुधीबाईचा अंगठा बटणावर होता.

"एक हाते नमस्कार व्हत नही, शेठजी," ती म्हणाली. "दुसरा भी लावा."