समितीची अट

"नावं? माझ्या मुलाखतीतल्या बायकांची नावं समितीला कशाला हवीत?" पीएच.डी. करणारी ती ताडकन उठली.

"बस, पोरी," तिचे गाइड असलेले सर म्हणाले. "विद्यापीठाची नीतिसमिती म्हणजे नसती कटकट. मुलाखती घ्यायच्या तर नावांची यादी समितीच्या कपाटात ठेवा म्हणतात. बघतो मी त्यांच्याकडे."

समितीची पत्रं गाइडमार्फतच यायची, तसा शिरस्ताच होता. पत्र दाखवा, असं म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. वडील गेल्यापासून सर म्हणजे तिला बापाच्या जागी.

कपड्यांच्या कारखान्यातल्या सातजणी बोलायला कबूल झाल्या होत्या, त्या एकाच बोलीवर: नाव कुणाला कळता कामा नये. काजं करणाऱ्या मावशीनं तर दमच भरला होता. "अगं बाई, मागच्या दाराला कुलूप घालून आम्हाला कोंडतात, हे मी बोलले असं कळलं तर उद्याच घरी बसवतील. तीन तोंडं आहेत खाणारी."

"माझ्यावर सोडा, मावशी."

पंधरवड्यानं सर हसतच आले. "भांडलो तुझ्यासाठी! यादीबिदी काही द्यायची नाही. संशोधकाला काही स्वातंत्र्य आहे की नाही? रेकॉर्डिंग तेवढं माझ्याकडे ठेवत जा. तुझ्या वसतिगृहात काय, कुणीही घुसतं."

तिला भरून आलं. असा गाइड मिळायला नशीब लागतं, असं ती मैत्रिणींना सांगत सुटली. मुलाखत झाली रे झाली, की रेकॉर्डिंग सरांच्या टेबलावर.

सातवी मुलाखत झाली आणि आठवड्याच्या आत सातही जणींना कामावरून काढलं.

ती धावत मावशीकडे गेली. मावशीनं दार उघडलं. "आता आणखी काय हवंय?" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ही मेली समितीच! ती तडक अध्यक्षबाईंच्या खोलीत घुसली.

"गरीब बायकांच्या पोटावर पाय दिलात! यादी मिळाली नाही, म्हणून नावं हुडकलीत आणि मालकाला कळवलीत!"

बाई गोंधळल्या. "कसली यादी? नावं आम्ही कधी मागितलीच नाहीत गं."

"खोटं! सर भांडले तुमच्याशी."

बाईंनी कपाटातून फाइल काढली.

"आमची एकच अट होती, आणि सरांनी ती लेखी मान्य केली होती," त्या म्हणाल्या. "कारखाना त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा आहे, तेव्हा रेकॉर्डिंग सरांच्या हाती पडू द्यायचं नाही."