कपाळावरचं पाणी

"देव एकच, नावही एकच, येशू. बाप्तिस्मा त्याच्याच नावानं," जावई म्हणायचा. पाळक असलेले सासरे ठणकावायचे, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा! तिन्ही नावं घेतल्याशिवाय तो बाप्तिस्माच नव्हे." दोघांच्या पाया पडून मुलगी थकली. बाळ दोन महिन्यांचं झालं, तरी त्याच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं नव्हतं.

आज बाळ अतिदक्षता विभागात होतं. "संध्याकाळपर्यंत काहीच सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत एका वेळी एकालाच सोडत होते. सासरे बाहेर आले, तसा जावई आत गेला. नर्सची पाठ वळताच त्यानं बाटलीतलं पाणी बोटांवर घेतलं आणि घाईघाईनं सासऱ्यांची तिन्ही नावं पुटपुटली. बोटं कपाळापाशी नेली.

कपाळ आधीच ओलं होतं.

तो तसाच बाहेर आला. "पप्पा, तुम्ही?"

बाकावर बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्या पद्धतीनं बाप्तिस्मा दिला. एकट्या येशूच्या नावानं," ते म्हणाले. "तीस वर्षं माझंच चुकत आलं असलं तर?"