तेलकट कागद

नव्या पुस्तकांसाठी यांत्रिकी विभागाची कपाटं संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती, पण ग्रंथपालबाईंच्या जिवाला सकाळपासून चैन पडेना. वर्षानुवर्षं कोणीच घरी न नेलेली पुस्तकं काढून टाका, असा नियम होता. निवड संगणकानं केली होती. तरी मनात काहीतरी खुपत होतं. गठ्ठे बांधता बांधता रद्दीवाला कुरकुरला, "बाई, ही मळकी तुम्हालाच लखलाभ. तेलकट कागद कोण घेणार?" बाईंनी त्यातलं गिअरचं जाडजूड पुस्तक उघडलं. मापांच्या तक्त्यावर काळ्या अंगठ्यांचे ठसेच ठसे! वर्कशॉपमधली मुलं काम अर्धवट टाकून धावत यायची, उभ्याउभ्या माप बघून पळायची. "आधी हात धुवा," म्हणून बाईच खेकसायच्या. रोज इथंच वाचलेलं पुस्तक घरी कोण नेणार? "सोडा ते गठ्ठे!" त्या ओरडल्या. "मळकी सगळी कपाटात. कोरी न्या खुशाल!"