सगुणाने भरलेली काडतुसं

सगुणाने वाटीतला एक छर्रा उचलून दाढेखाली धरला. शिसं असतं तर दाढ उमटली असती. हा होता तसाच राहिला, टणक आणि गुळगुळीत.

"हे सायकलचे छर्रे हायत," ती नवऱ्याला म्हणाली. "पोलाद हाय हे."

"मग काय झालं? बदकाला काय ठावं, शिसं का पोलाद?" पुंडलिक हसला.

"बदकाचं नाय बोलत मी. तुमच्या हाताचं बोलते."

गडबच्या खाली, खाडीला लागून त्यांचं गाव. बंदूक पुंडलिकच्या आजाची, जुनी दुनळी; परवाना पीक राखायचा. बार तो काढायचा, पण काडतुसं भरायची सगुणा. तिच्या बापाने जन्मभर हेच काम केलं. त्याची नजर अधू झाली तेव्हा त्याने पोरीला शेजारी बसवून सगळं शिकवलं. चूल विझल्याशिवाय ती दारूचा डबा उघडायची नाही. दारू मापानेच घ्यायची, आणि हातातलं काडतूस पुरं झाल्यावरच दुसरं उचलायची. थंडीत खाडीवर बदकं उतरली की लोक म्हणायचे, पुंडलिकचा बार कधी फुसका जात नाही. पुंडलिक मिशीवर हात फिरवायचा. सगुणा काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत भरायला गोळा करून ठेवायची.

यंदाची थंडी निराळी होती. मिठागर बंद पडलं होतं आणि पुंडलिक घरी बसून होता. दत्तात्रेय ठेकेदाराने त्याला नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्टला लावायचा शब्द दिला होता. त्या बदल्यात त्याला एकदा बदकांची शिकार बघायची होती. उद्या पहाटे तो येणार होता. आणि पेणच्या दुकानातलं शिसं नेमकं संपलं होतं, म्हणून पुंडलिकने हे छर्रे आणले होते.

"शिसं मऊ," सगुणा म्हणाली. "नळीतून जाताना दबतं. पोलाद दबत नाय, ते नळीलाच फाडतं. त्याला दारू येगली लागते, चकती येगली लागते, बंदूकसुदीक येगली. त्याचं माप बाबाला ठावं नव्हतं, मलाबी नाय."

"एका दिसाचा तं सवाल हाय."

"खाडीपलीकडच्या भरतचाबी एकाच दिसाचा व्हता."

भरतने असेच भंगारातले छर्रे नेहमीच्या मापावर भरले होते. नळी बांबूसारखी उभी चिरली. आता तो डाव्या हाताने तांब्याही धरू शकत नव्हता. पुंडलिकने त्याला इस्पितळात नेलं होतं, तो पंजा डोळ्यांनी बघितला होता. त्याने वाटीतले छर्रे बोटाने ढवळले. मग त्याचा आवाज चढला.

"साहेबाला शब्द दिलाय मी! चार माणसांत नाय कसं म्हनू? तू नाय भरत तं मी भरतो."

त्याने डबा ओढला, झाकण काढलं आणि माप न घेताच पुंगळीत दारू ओतायला लागला. जमिनीवर काळी रेघ सांडली.

"ठेवा ते," सगुणा म्हणाली. "मी भरते."

पुंडलिकने तिच्याकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवून तो अंगणात निघून गेला.

सगुणाने सांडलेली दारू ओल्या फडक्याने टिपली. पुंगळीतली परत डब्यात ओतली, डबा बंद करून फळीवर ठेवला. मग चुलीतली गार राख चाळून घेतली. ठिणगी पाडणारी टोपी तिने प्रत्येक पुंगळीच्या बुडाला बसवली, पण आधीच उडून गेलेली, मेलेली. दारूच्या जागी राख भरली, वर चकती, तिच्यावर ते पोलादी छर्रे, आणि तोंडाला मेण. उद्या काय होणार ते तिला दिसत होतं. नवऱ्याचं हसं होईल. कंपनीचं काम जाईल. काडतुसं कोण भरतं हे गावाला ठाऊक होतं, म्हणजे मेलेल्या बापाच्या नावालाही बट्टा लागेल. तिने सगळं मनात मोजलं आणि पुढची पुंगळी उचलली.

पहाटे ती बांधावर जाऊन उभी राहिली. खाडीवर धुकं होतं. लांब कांदळवनाच्या कडेला दोन माणसं वाकून चालताना दिसत होती. एक माणूस थांबला, त्याने बंदूक खांद्याला लावली. आवाज आला नाही. त्याने बंदूक सांध्यात वाकवून उघडली, काडतुसं बदलली, पुन्हा नेम धरला. तरी काही नाही. मग बदकंच कंटाळल्यासारखी उठली आणि धरमतरच्या अंगाला निघून गेली. ठेकेदाराचं हसणं मात्र बांधापर्यंत ऐकू आलं. थोड्या वेळाने त्याची मोटारसायकल हायवेच्या दिशेने गेली.

पुंडलिक एकटाच परत आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. सगुणा वाटेतून हलली नाही.

"दारू नाय घातली मी," तिने स्वतःच सांगितलं. "राख घातली. काय बोलायचं ते बोला. परत सांगाल तं परत हेच करीन."

"साहेब गेला," तो म्हणाला. "कामाचं काय बोलला नाय. आता बोलनारबी नाय."

"जाऊ दे."

पुंडलिकने बंदूक खांद्यावरून उतरवली आणि बांधावर तिच्या पायाशी बसला. बराच वेळ तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

"काल तू 'भरते' म्हनालीस ना, तवाच कळलं मला, तू बार उडू देनार नायस," तो हळूच म्हणाला. "नायतर मी चाप ओढला असता व्हय गो?"