सोळाशे पन्नासवरचं शिखर

"पाच वर्षं झाली आणि तुला एक पट्टी धड धुता येत नाही," सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा बेताने सर म्हणाले.

त्यांची विद्यार्थिनी यंत्राशेजारी उभी होती. तिच्या इन्फ्रारेड आलेखात सोळाशे पन्नासपाशी, जिथे कुठल्याही प्रथिनाचं शिखर उमटतं, तिथे नुसती सपाट रेघ. हे प्रथिन सोन्याला चिकटतच नाही, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं. आणि ते चिकटतं, हे वीस वर्षांपूर्वी सरांनीच दाखवलेलं. त्याच एका शिखरावर त्यांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली होती. काल प्रबंध वाचल्यापासून ते धुमसत होते.

"प्रबंध बदल. नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोध. मिळाला तर."

"सर, मी अकरा वेळा करून पाहिलंय."

"म्हणजे अकरा वेळा चुकलीस. हो बाजूला."

तिने हातमोजे पुढे केले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ही थेरं तुमची. आमच्या वेळी नुसते हात होते."

त्यांनी ओळीतल्या पहिल्या चंचुपात्रातून सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी दोन बोटांनी उचलली. उलटसुलट करून निरखली, धुतली, वायूच्या झोताखाली सुकवली आणि यंत्रात लावली.

"सर, ती पट्टी..."

"तुला विचारलं का मी?"

यंत्र घुमू लागलं. पडद्यावर रेघ सरकत गेली आणि सोळाशे पन्नासपाशी वर उचलली गेली. फार नाही, पण स्वच्छ दिसेल इतकी. पलीकडच्या टेबलावरचे दोघे माना उंचावून बघू लागले. सरांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"दिसतंय? की चष्मा आणून देऊ?"

"दिसतंय, सर."

"काय आहे ते?"

"प्रथिनच आहे."

"मग उतरव वहीत. पट्टी कुणी लावली, तेही लिही. मला सही करू दे, पुन्हा तोंड वर करून बोलायला नको."

तिने सावकाश चार ओळी लिहिल्या आणि वही त्यांच्यासमोर फिरवली. सरांनी झोकात सही ठोकली. वही परत सरकवता सरकवता त्यांची नजर सहीच्या वर गेली.

'पट्टी पहिली, तुलनेसाठी ठेवलेली. नुसत्या पाण्यात बुडवलेली. आजचं प्रथिन अजून फ्रीजमध्येच आहे. पट्टी सरांनी उघड्या हाताने लावली. दिसलेलं शिखर सरांच्या बोटांचं.'