वाचायचं, पुसायचं नाही

बाळांनो, घटकाभर अशी कल्पना करा. तुम्ही दहा वर्षांचे आहात. खुर्ची एवढी उंच आहे की तुमचे पाय जमिनीला टेकत नाहीत. दप्तर मांडीवर आहे. समोर दोन मोठी माणसं भांडताहेत, आणि त्यातलं एक माणूस म्हणजे तुमची आई आहे.

भिंगरी अगदी तशीच बसली होती.

"चोर आहेस तू," मिशीकाका म्हणाले.

"तोंड सांभाळून बोला," आई म्हणाली.

टेबलापलीकडे संपादकबाई होत्या. त्यांच्या पुढ्यात पक्ष्यांच्या चित्रांचं नवंकोरं पुस्तक होतं. त्यावर चित्रकार म्हणून आईचं नाव होतं. मिशीकाका म्हणत होते, चित्रं माझी आहेत. दोघांपैकी जे खोटं ठरेल त्याला इथे पुन्हा काम मिळणार नव्हतं, आणि ही बातमी पसरल्यावर दुसरीकडेही कोणी दारात उभं केलं नसतं.

भिंगरीला काकांचा राग येत होता आणि रडूही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हेच काका आईच्या शेजारी बसून, कागदावर काढलेली चित्रं एकाच जुन्या संगणकावर रंगवायचे. अधूनमधून भिंगरीला एखादं चित्र द्यायचे आणि त्यात कुठेतरी इवलीशी मिशी लपवायचे. कधी ढगात, कधी मांजराच्या शेपटीत. भिंगरी डोळे ताणून शोधायची आणि ओरडायची, "सापडली, काका!" आज आल्यापासून काकांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

त्यांनी पुस्तक ओढलं, नाक टेकेल इतकं जवळ धरलं, दोन-चार पानं उलटली आणि टेबलावर आपटलं.

"सफाई चांगली केलीस."

"माझी चित्रं स्वच्छच असतात," आई म्हणाली. "तुमच्यासारखे डाग पडत नाहीत माझ्या हातून."

"पुरे," संपादकबाई म्हणाल्या. "पुराव्याचं बोला. तुमचे मूळ कागद?"

"छत गळलं, भिजून लगदा झाला," काका म्हणाले.

"आणि तुमचे?"

आईने पिशवीतून काळी डिस्क काढून ठेवली. "माझी मूळ चित्रं यात आहेत, तारखांसकट. पण तो जुना संगणक मोडीत गेला आणि नवा हिला ओळखच देत नाही. त्याला मी काय करू?"

"वा! किती सोयीचं!" काका म्हणाले.

संपादकबाईंनी डिस्क आपल्या संगणकाला जोडली. पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का? खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

"विचारतंय ना, मग दाबा होय," आई म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

"नको!" भिंगरीने खुर्चीवरून उडीच मारली. दप्तर धप्पकन खाली पडलं. "होय म्हटलं की सगळं पुसलं जाईल!"

आईला हे ठाऊक नसणार, तिला वाटलं. बरं झालं आपण इथे होतो.

"डिस्क रिकामी नाहीये," ती भराभरा सांगू लागली. "ती दुसऱ्या पद्धतीच्या संगणकाने लिहिलीय. ह्याला ती लिपी येत नाही, म्हणून हा म्हणतोय की वही कोरी करून द्या. वाचता येत नाही ते ह्याला. वहीचा काय दोष?"

तिने दप्तरातून पेनड्राइव्ह काढला. "शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी दिलाय. ह्याच्यावरून संगणक सुरू केला की त्याला ती लिपी येते. फक्त बाईंचा नियम आहे. परक्या डिस्कवर वाचायचं, पुसायचं नाही."

"भिंगरी, बस खाली," आई म्हणाली. "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस."

"करू दे तिला," काका म्हणाले.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"मी विचारते," संपादकबाई म्हणाल्या. "कर गं तू."

संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावली. मग डिस्क उघडली. आत 'पक्षी' नावाचा एक कप्पा होता आणि त्यात चाळीस चित्रं होती. पुढे तारखा होत्या, पुस्तक निघायच्या दोन वर्षं आधीच्या.

संपादकबाईंनी चष्मा काढला. "तारखा जुन्या आहेत. डिस्क यांची आहे. माझ्यापुरता प्रश्न मिटला."

भिंगरीला नाचावंसं वाटलं. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात थंडगार होता.

काका उठले, पण दाराकडे गेले नाहीत. "एक चित्र उघड, पोरी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला चढ गेला होता. "एकच."

"काही गरज नाही," आई म्हणाली. "बंद कर ते. घरी जायचंय."

पण भिंगरीला वाटलं, बघू देत की सगळ्यांना माझ्या आईचं चित्र. चांगलं मोठं करून दाखवू. जिरू दे काकांची.

तिने खंड्याचं चित्र उघडलं. निळाशार पंख, लांब चोच, पायाशी नदीकाठचं गवत. पुस्तकातलं चित्र ते हेच. तिने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं. पंख पडद्याबाहेर गेला, चोच गेली. सगळा पडदा गवताने भरला.

तिचं बोट थांबलं.

"भिंगरी," आई तिच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाली. "बंद कर, बाळा."

भिंगरीने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती काकांकडे वळली.

"सापडली, काका," ती म्हणाली.