रविवारी न चालणारी गाडी

मिस्त्रीने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "बाई, खरं सांगू? हिला काही झालेलं नाही."

"बारा वर्षं रविवारी ही जागची हललेली नाही," ग्रंथपालबाई कडाडल्या, "आणि तुम्ही म्हणता काही झालेलं नाही?"

बाई शाळेच्या ग्रंथालयातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. गाडी त्यांच्याहून थोरली. विलायती बनावटीची स्टेशन वॅगन, मागच्या अंगाला लाकडी चौकट. एका पावसाळ्यात त्या चौकटीला अळंब्या फुटल्या होत्या, आणि गल्लीतल्यांनी त्यांची भाजी करून खाल्ली म्हणतात.

सोमवार ते शनिवार ही गाडी बाईंच्या नवऱ्याला निमूट कचेरीत न्यायची. रविवारी बाईंच्या ताईकडे, घाट चढून जायचं म्हटलं, की दोनदा खोकून गप्प. नवरा खाली उतरे, बॉनेटमध्ये डोकं घाली, मान हलवी. "हिलाही आठवड्याची सुट्टी लागते ना!"

बसचा नुसता वास आला तरी बाईंच्या पोटात ढवळे. म्हणून बारा वर्षं ताईच यायची. महिन्यातून एकदा, दोन बस बदलून, खांद्याला पिशवी लावून. कधी कुरकुर नाही. उलट म्हणायची, "तू नको गं जिवाला त्रास करून घेऊस. मी येते ना!" अशी बहीण मिळायला भाग्य लागतं, असं बाई दूधवाल्यालासुद्धा सांगत. पण यंदा ताईच्या गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी बसची पायरी चढायला बंदी केली. आता ही गाडी धड चालली तरच बहिणी भेटणार. नाहीतर उरलेलं म्हातारपण फोनवर.

"काही झालेलं नसलं तरी सगळं बदला," बाई म्हणाल्या. "मला ही रोज, बिनबोभाट चालायला हवी."

मिस्त्री खुलला. "मग डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकतो. पॉइंटची कटकट नको, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. घाटासाठी मोठा रेडिएटर, वर विजेचा पंखा. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. वायरिंग झाडून नवं."

"म्हातारीला एवढं औषध झेपेल का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"कुठल्या म्हातारीबद्दल बोलताय?"

नवरा टायरमधली हवा बघायला वाकला.

महिनाभर काम चाललं. बाई रोज चहाचा थर्मास घेऊन गॅरेजात हजर. नुसतं बसून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी मिस्त्रीची हत्यारं वर्णानुक्रमाने लावली, नट-बोल्टच्या डब्यांना चिठ्ठ्या डकवल्या. पाना हवा असला की मिस्त्री आधी पुटपुटत बाराखडी म्हणे. तिसऱ्या दिवसापासून त्याने कामाचा वेग दुप्पट केला. केवढी आपुलकी त्या माणसाची! बाईंचा ऊर भरून आला. बारा वर्षांपूर्वी, ताईकडच्या शेवटच्या मुक्कामात, तिचं स्वयंपाकघर त्यांनी असंच लावून दिलं होतं. तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रविवारी सकाळी मिस्त्री स्वतः गाडी घेऊन दारात आला. इंजीन घड्याळासारखं चाललं होतं. "बंद करू नका. बसा आणि निघा."

नवऱ्याचा हात सवयीने बॉनेटकडे गेला.

"आत बघण्यासारखं काही ठेवलेलं नाही, साहेब."

"तुमचं कसं फेडू हो?" बाई गहिवरल्या.

"दर रविवारी जात जा, बाई. शनिवारीच निघालात तरी चालेल."

ताईला कळवलं नव्हतं. अचानक जाऊन तिला चकित करायचं होतं. "खबरदार तिला फोन केलात तर," असा दम नवऱ्याला आदल्या रात्रीच मिळाला होता. आता गार वाऱ्यातही त्याच्या कपाळावर घाम होता.

"भिताय काय? चढेल ती घाट."

"गाडीची काळजी नाही गं," तो म्हणाला.

बाईंना सगळं कळत होतं. बायकोच्या माहेरच्यांकडे जायचं म्हटलं की कुठल्या पुरुषाचं पोट दुखत नाही? त्या बॉनेटखाली हा इतकी वर्षं काय उद्योग करत होता, याचा अंदाज त्यांना मिस्त्रीच्या पहिल्या वाक्यालाच आला होता. पण आज माफ. सगळ्या जगाला आज माफी होती. तिसऱ्या वळणावर एक नवीकोरी जीप तोंडातून वाफ सोडत उभी होती. वॅगन तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेली. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही. बाईंनी दाराच्या लाकडावरून हात फिरवला. "गुणाची गं बाई माझी!"

ताई काठी टेकत दारात आली आणि तिथेच थबकली.

"तू? आणि गाडीने?"

"गाडीने! आता तुझ्या गुडघ्यांना सुट्टी. दर रविवारी येणार मी. मुक्कामाला!"

ताईने त्यांना घट्ट कवटाळलं. कितीतरी वेळ सोडलं नाही. डोळे डबडबले होते. बाईंचेही डबडबले. रक्ताचं नातं ते रक्ताचं नातं.

"तू बस. चहा मीच टाकते," म्हणत बाई थेट स्वयंपाकघरात शिरल्या. डबे पुन्हा कसेही लागले होते. गरीब बिचारी, एकटीने काय काय बघणार! त्यांनी आधण ठेवलं आणि खिडकी उघडली. खिडकीपाशीच लावलेल्या गाडीजवळ नवरा उभा होता, मान खाली घालून. काठी टेकत ताई त्याच्यापाशी पोचली होती.

"भाऊजी, बारा वर्षं शब्दाला जागलात, फार उपकार झाले," ताई दबक्या आवाजात म्हणत होती. "मग आजच कशी हो सुरू होऊ दिलीत?"